पिवळा रंग, बावीस खांब

सुर्लच्या सड्यावर बावीस खांब रंगवायचं काम मिळालं.
रोजंदारीवर. रंग खात्याचा, ब्रश माझा.
एरवी वाळपईत मी दुकानांच्या पाट्या करतो:
शिलाई, सुकी मासळी, नारळ सोलून मिळतील.
अक्षर सरळ येतं, एवढीच माझी ओळख.

साहेबांनी कागद दिला. त्यावर तीन चित्रं,
चालणारा माणूस, सायकल, घोडा.
"बहुउपयोगी वाट," ते म्हणाले,
आणि तो शब्द त्यांच्याच जिभेला
नव्या चपलेसारखा चावला.

पहिला खांब फाटकापाशी, दुसरा किंदळीखाली.
तिसऱ्यापासून रान अंगावर येतं,
भेरली माडाच्या झिपऱ्या डोक्याला लागतात,
आणि न दिसणारा कस्तूर
शीळ सुरू करतो, अर्ध्यात सोडून देतो,
पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या खांबाशी नवसो झोरे थांबला,
म्हणून मागे सोळा म्हशी थांबल्या.
"घोडो कोणाचो?"
"पणजीहून आलाय. कागदावरून."
त्यानं घोडा पाहिला, मग म्हशी पाहिल्या,
आणि विडी न पेटवताच निघून गेला.
त्या सोळाजणी मात्र एकेक करून
ओला रंग हुंगत गेल्या,
मयताच्या घरी डोकावून जावं तशा.

रान संपतं तिथे डोळे मिटावे लागतात.
कार्तिकातलं गवत, तांबूस, सगळं एका अंगाला कललेलं,
मध्ये मध्ये जांभ्या दगडाचे उघडे गुडघे.
इथे वाट अशी नाहीच. कुठेही पाय टाकावा.
खांब कुठे पुरायचा ते भागी वरकनं सांगितलं,
डोक्यावरची मोळी न उतरवता,
पायाच्या अंगठ्यानं: इथे.
इथून तिच्या सासऱ्याला डोलीतून खाली नेलं होतं,
त्या दगडावर घटकाभर टेकवलं होतं.
आणतानाही त्याच दगडावर.
मी म्हटलं, डोलीचं चित्र काढू?
ती हसली, मोळी हलली.
"मी आहे तोवर नको."

तेवढ्यात मडगावचा एडमुंद फालेरो
सायकल खांद्यावर घेऊन आला.
वाटेनं सायकलवर बसावं की सायकलनं माणसावर,
हे त्याला सातव्या खांबापर्यंत कळलं नव्हतं.
साखळी कोरडी, कुरकुरणारी.
भागीनं कमरेच्या पिशवीतून बाटली काढली,
खोबरेल ओतलं, बोटानं फिरवलं,
म्हणाली, आता घरापर्यंत माझ्या केसांचा वास येईल,
बायकोला काय सांगायचं ते तू बघ.

सतराव्या खांबाचा हात देऊन झाला तेव्हा
ऊन उतरलं होतं. डबा झाकला, झोपायला गावात आलो.
सकाळी पाहतो तर खांब वाकलेला,
घोड्याचं डोकं नाही, सायकलचं एक चाक नाही,
आणि रंगात रुतलेले काळे, राठ केस,
माझ्या छातीच्या उंचीवर.
खाली खूर. दोन शेणाच्या थापा, अजून ऊन.
मी हळूच मागे वळून पाहिलं.
गवत हललं, पण ते वाऱ्यानंही हलतं.

परवा नवसो बाजाराला आला, माझ्या पाटीखाली उभा राहिला.
म्हणाला, वझराकडे एक गवा फिरतोय,
खांद्यापासून बगलेपर्यंत पिवळा पट्टा.
पोरं म्हणतात, खात्यानं ओढलाय.
मी म्हटलं, मीच ओढलाय, एका परीनं.
"मग बाण कुठे दाखवतो?"
मला सांगता आलं नाही.
एकवीस खांब एकाच दिशेला बोट करतात,
आणि हा एक चरत चरत
आपल्याला हवं तिकडे वाट घेऊन जातो.

साहेबांनी बिल पाहिलं.
रंगाचा एक डबा जादा का, म्हणाले.
कारणाच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नव्हतं.
अक्षर सरळ आहे माझं,
पण रकाना फार अरुंद होता.