कुठून मोजायचं

अजाबराव गुल्हाने सात वर्षं आखातात वेल्डर होते.
आता दारव्ह्याच्या अलीकडे, बंद पडलेल्या लायनीच्या फलाटावर
सकाळचं ऊन धरून बसतात.
रुळांत तरोटा माजलाय.
स्टेशनच्या पाटीवर गावाच्या नावातलं
फक्त ‘खुटी’ शिल्लक.

मोबाईलवर कुठलंतरी आकाश जळत होतं,
कोणाचं, ते खाली बारीक अक्षरात.
मी विचारलं, काका,
या इराण-अमेरिकेचं भांडण सुरू कोणी केलं?

कोणाले विचारतं, त्याच्यावर हाय.

आमच्या खोलीत होता बेहरूझ, अहवाजचा.
रोज रात्री कांदा फोडता फोडता सांगे,
त्रेपन्न साली यायनं आमचा माणूस खुर्चीवरून उचलला.
तेल आमचं, हिशोब लंडनात,
अन् आम्ही हिशोब मागतला
तं अमेरिकेनं डोक्यावर राजा घट्ट बसवून देला.
त्रेपन्नात बेहरूझ जन्मला बी नव्हता.
पण सांगताना हात असा थरथरे
जशी त्याच्याच ओसरीतून खुर्ची नेली.

अन् फोरमन डेल, टेक्सासचा.
भला माणूस. माहं बोट भाजलं
तं सोता पळत जाऊन बरफ घेऊन आला.
त्याची गोष्ट एकोणऐंशीपासून.
त्याच्या मावसभावाचा दोस्त त्या वकिलातीत
डोयाले पट्टी बांधून, चारशे चव्वेचाळीस दिवस.
एक डाव मी म्हटलं, साहेब, अन् त्रेपन्न?
तो म्हणे, त्रेपन्न म्हणजे काय?

खोटं नाही बोलत होता, बाप्पा.
खरंच मालूम नव्हतं.

मंग अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत
त्यायच्या जहाजानं ते इमान पाडलं.
दोनशे नव्वद माणूस.
डेल म्हणे, चुकीनं झालं.
बेहरूझ काहीच नाही म्हणे.
त्या दिवसापासून दोघायच्या मधातला पाना
माह्या हातून जाये.
हा मले दे, मी त्याले देवो.
दीड वर्ष. एवढंच माहं परदेशातलं राजकारण.

ते हसले, मीही हसले.
पण मला कालची दुपार सांगायची होती.

काल पटनोंदणीसाठी मी निस्तान्यांच्या दारात गेले.
आमच्या घरून तिथे कोणी जात नाही.
कारण पाठ आहे, लहानपणीच पाठ झालं,
पाढ्यांच्या आधी:
धुऱ्यावरून आमच्या बैलाला त्यांनी विळा मारला.
बैलाचं नाव सरदार. शिंगं आत वळलेली.
मी त्याला पाहिलेलंही नाही,
तरी त्याचं रक्त मला दिसतं.

द्वारकाबाईंनी लोटाभर पाणी दिलं.
पोरीचं नाव, जन्मतारीख, सगळं सांगितलं.
मग म्हणाल्या, मास्तरीणबाई,
लायनीची खूण कोणी दाखोली
हे लिहिलं हाय का तुह्या रजिस्टरात?

कोणती खूण?

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.
गोरा साहेब साखळी घेऊन आला
तवा तुहा पणजा त्याच्यासंग हिंडला.
रूळ तुमच्या वावराच्या कडेनं जाणार होते,
ते आमच्या मधातून गेले.
अर्धं वावर इकडं, अर्धं तिकडं,
अन् बैल नांगरासकट वळवाले जागा नाही.
कापूस आमचा, गाडी कंपनीची,
हिशोब, म्हणत, इलायतेत.
साहेब गेला. कंपनी गेली. गाडी बी गेली.
तुमचा धुरा तेवढा राह्यला.

आमच्या घरात ही गोष्ट कोणीच सांगत नाही.
लपवलेली नसावी.
बहुतेक कोणाला माहीतच नाही,
आणि हेच मला रात्रभर टोचत राहिलं,
पायात मोडलेल्या काट्यासारखं,
बाहेर टोक नाही, नुसतं ठणकणं.

अजाबराव बराच वेळ
तरोट्याची शेंग सोलत बसले.
मग एवढंच विचारलं,
पाणी पेलं का तिथचं?

प्याले.

मंग उद्या अजून जाय, ते म्हणाले,
अन् साल विचारून ये.