बासष्टचे एकेचाळीस

आधी संशय माझ्यावरच.
"साहेब, क्लच अर्धा दाबून चालवता का हो?"
मुनाफ मिस्त्रीनं विचारलं, तेव्हा मी बोललो नाही,
वही पुढे केली.
अठ्ठावीस वर्षं एकच गाडी, एकच डावा हात,
आणि खडकीच्या फॅक्टरीत दुसऱ्यांची मापं तपासण्यात गेलेली नोकरी.
तारीख, लिटर, किलोमीटर.
बासष्ट. एकसष्ट. बासष्ट.
मग संक्रांतीपासून उतार:
त्रेपन्न, अठ्ठेचाळीस,
एकेचाळीस.

नाना पेठेत, दोन दुकानांमधल्या बोळात
गाडी मधल्या स्टँडवर चढली.
प्लग निघाला. मिस्त्रीनं नखानं खरवडला, उन्हात धरला.
"बिस्किटाचा रंग आहे. ही जास्त पीत नाही."
तरी नवा टाकला. एकशे दहा.
एअर फिल्टर आपटला, तर मेट्रोच्या खांबांची धूळ पडली,
कर्वे रस्ता ते वनाज, सगळी स्टेशनं.
मागचं चाक हातानं फिरवलं, सात फेरे मोकळं फिरलं,
ब्रेक धरत नव्हता.
चेन, हवा, चोक.
कार्ब्युरेटर उघडून फ्लोट कानाशी हलवला,
नारळ घेताना हलवतात तसा:
आत पाणी नाही. म्हणजे पेट्रोल नाही.
सुईचं लॉक एक खाच वर.
पुढच्या आठवड्यात वहीत
एकेचाळीस.

हेमलता म्हणाली, "विका. बॅटरीची घ्या.
ती पीत तरी नाही."

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं.
सकाळी त्यावर फक्त बातम्या होत्या.
गळती नाही, तर मग चोरी.
तळमजल्यावरच्या अद्वैतला मी सरळ विचारलं,
पार्किंगमध्ये, चार माणसांदेखत.
तो काही बोलला नाही.
तेव्हापासून लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभा राहतो.

शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "चला, पौड रस्त्यानं."
तो मागे बसला, खांद्यावरून मीटरवर नजर.
भूगाव सुटलं. दगड: पौड १५.
काटा ठीक होता, चाळीस म्हणजे चाळीस,
म्हणून त्या डबीवर कुणाचा संशयच गेला नव्हता.
पौड १४. पौड १३.
पुढे रस्ता खणलेला, नुसती खडी.
तिथे शेवटचा लाल आकडा
सहा आणि सातच्या मध्ये अडकला, थरथरला.
गाडी पुढे गेली,
आकडा मागे राहिला.
पिरंगुटच्या ताज्या डांबरावर पुन्हा चालू लागला,
जणू मधे काही झालंच नव्हतं.
पौड ५.
दहा दगडांत आकडा सरकला होता सहा पूर्णांक सहा दशांश.

मिस्त्री उतरला, टाकीवर थाप मारली.
"आतलं प्लास्टिकचं चाक. दात झिजलेत.
खड्डा आला की मोजायचं सोडून देतं.
गाडी बिचारी चालते तेवढीच पिते."

टपरीवर चहा येईपर्यंत मागच्या पानावर गणित मांडलं.
एकेचाळीस भागिले शून्य पूर्णांक सहासष्ट.
बासष्ट.
दोनदा केलं. बासष्टच.
फॅक्टरीत पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो:
वस्तू नंतर, आधी गेज तपासा.

परतताना आठवलं,
संक्रांतीपासून हेमलताचा गुडघा.
आठवड्यातून तीनदा वारज्याची ती गल्ली,
ड्रेनेजसाठी उकरून तशीच सोडलेली,
दुसऱ्या गिअरात, ती मागे "हळू, हळू" म्हणत.
नेमके तेच किलोमीटर
गाडीनं कुठे लिहून ठेवले नाहीत.

मिस्त्री प्लगचे एकशे दहा परत देत होता.
मी घेतले नाहीत.
म्हणजे, साठ घेतले.
दात असलेलं चाक गुरुवारी मिळणार आहे, जुन्या मालातलं.

लिफ्ट तळमजल्यावर उघडते आहे.
अद्वैत उभा आहे, मान खाली.
बासष्ट, असं त्याला म्हणावं
की आधी दुसरं काही,
हे तिसरा मजला येईपर्यंत ठरवायचं आहे.