एकाचं माप

तीनशे वीस पोरांना किती मीठ लागतं
ते मला झोपेतून उठवून विचारा.
पाणी ऐंशी लिटर, कोंबू पाऊण किलो,
वाळवलेल्या माशाचे पापुद्रे दोन्ही हातांनी कवेत घेऊन,
आणि सोया सॉस डावाने, मोठ्याने मोजत,
म्हणजे मध्येच कुणी "तोकिए-सान!" हाक मारली
तरी आकडा सुटू नये.

एका बाईला किती लागतं
हे मात्र त्रेसष्टाव्या वर्षी
कुणाला विचारावं?

भागाकार केला, विजेच्या बिलाच्या पाठीवर.
कोंबूची पट्टी आली पोस्टाच्या तिकिटाएवढी.
हसू आलं. पण कापली तेवढीच,
ओल्या फडक्याने पुसली,
घरातल्या सगळ्यात लहान पातेल्यात टाकली.
पातेलं तरीही मोठंच दिसत होतं.

पाणी उकळायच्या जरा आधी पट्टी काढायची.
काठाला बुडबुडे धरायला लागले की. नाहीतर कडू होतं.
हे तीनशेंना काय, एकाला काय, सारखंच.
याला भागता येत नाही.

मग पापुद्रे.
आधी वर तरंगतात, जरा कुरकुरतात,
मग एकेक करून खाली बसतात.
आपण बघत राहायचं, ढवळायचं नाही.

तीनशे वीसचे दोनशे झाले, दोनशेचे एक्केचाळीस.
कुणाच्या बापाला हिरोशिमात काम लागलं,
कुणाची आजी गेली, मग घरही गेलं.
दरवर्षी एक पातेलं दुसऱ्यात बसवून
मी फडताळात ठेवत गेले.
शेवटच्या वर्षी कोसाकु एकटाच होता,
आणि त्याला शिकवणारे इवामोतो मास्तर.
कोसाकु कांद्याच्या पातीची एकेक चकती वेचून
वाडग्याच्या काठावर चिकटवायचा,
हिरव्या बटणांची रांग.
मग मी पात घालायचीच सोडली.
मास्तरांनी काही विचारलं नाही.

मार्चमध्ये फाटकाला कुलूप लागलं.
पालिकेच्या माणसाने मला प्रशस्तिपत्र दिलं.
मी म्हटलं, डाव पण द्या.
आता तो इथे खिळ्यावर आहे.
माझ्या एकाही भांड्यात बुडत नाही.

सूप गाळलं. चव घेतली.
बरोबर आहे.
सहा वर्षांच्या जिभेला अगदी बरोबर.

आणि हातात पळी घेऊन मी तशीच उभी राहिले.
चाळीस वर्षं त्यांच्याच जिभेने चाखत आले.
माझी जीभ कशी आहे?
तिला खारट आवडतं का? किती?
थेंबभर सोया घातलं. अजून थेंबभर.
मग बाटलीच तिरकी केली.
आता कुणाच्या आईची चिठ्ठी यायची नाही.

सुरी घेऊन परसात गेले.
घोट्याएवढा बर्फ, त्यातून पातीची टोकं वर आलेली.
मूठभर कापली, मग अजून मूठभर.
कुंपणापलीकडून फुनाकोशीबाई म्हणाल्या,
"पाहुणे आहेत वाटतं?"
"नाही," म्हटलं.
त्या पातीकडे बघत राहिल्या.

या सगळ्यात उदोन जास्त शिजले.
जाड शेवया फुगून गुबगुबीत झाल्या.
शाळेत असं झालं असतं
तर मी स्वतःला आठवडाभर माफ केलं नसतं.

बारा वाजून वीस मिनिटं.
या वेळेला मी कधी बसलेली नसते.
बसले.
वरून पात ओतली, सूप दिसेनासं होईपर्यंत.

खारट झालंय. चांगलंच खारट.
पहिल्याच भुरक्याला चष्म्यावर वाफ आली.
पुसला नाही.
समोर बघण्यासारखं काही नव्हतं,
जे होतं ते तोंडात होतं,
आणि भुरक्याचा आवाज
एवढ्याशा स्वयंपाकघरात
केवढा मोठा.