साठ आणि आठ

पंखा बंद कर आधी.
आत कोळशाचे दाणे आहेत. उडाले
तर हर्णैच्या बाजारात शोधत फिरू दोघं.

आजोबांचं म्हणतोस? पणजोबांचं असेल.
मी चड्डीत होतो तेव्हाच
असली यंत्रं म्हातारी झाली होती.

बघ, ही तबकडी. काळी, जाळीची,
सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी अडकवायची.
ही वायर, वरचं सुती विणकाम कसरीनं खाल्लेलं.
हा कानातला भोंगा. आत चुंबक,
त्याला केसाहून बारीक तांब्याची तार,
आणि जिताड्याच्या खवल्यासारखी पातळ चकती.
डोक्यावरून जायची ही पोलादी पट्टी,
काढली तरी तिचा वळ राहायचा.
बॅटरी खिशात मावत नसे,
पिशवीत घालून कमरेला बांधायची.
संपली, की पुढची आगबोट येईपर्यंत
माणूस पुन्हा बहिरा.

हे सगळं सामान झालं. जीव इथं आहे:
डबीत हे दाणे, मोहरीहून लहान.
कुणी बोललं की पडदा हलतो,
दाणे एकमेकांना खेटतात, वीज वाट काढते.
बोलणारा थांबला की सैलावतात, वाट बुजते.
बस, एवढंच.

पण कोळशाला आपली हवा मानवत नाही.
खारा वारा लागला की दाणे गठ्ठा धरतात,
मुके होतात.
मग टिचकी मारायची, आपल्याच छातीवर.
नाहीतर रात्री वैलावर ठेवायचं
आणि सकाळी धुराच्या वासासकट घालायचं.

आणखी एक खोड.
बारीक आवाज हिला धरता येत नाही.
स गळतो.
सुरमई म्हटलं की उरमई,
सारंगा आरंगा,
आणि साठ...
तूच म्हण बघू, स गाळून.

दाऊद मुकादम बंदरावर लिलावाचा हिशेब लिहायचे.
वडील सांगत, एका डिसेंबरात
राही चोगलेच्या होडीचा सगळा माल
साठाला गेला, वहीत आठाला.
किनारा हसला.
राही हसली नाही. ओली वाळू तुडवत आली,
तबकडी मुठीत धरली, तोंड लावून ओरडली,
"साठ रे दावूदभाय, साठ!"
त्यांना ऐकू आलं, आधीपेक्षा मोठ्यानं:
आठ.

मग तिनं नख वाजवलं.
मासळीचं, खवले चिकटलेलं नख, काळ्या पत्र्यावर,
सहा वेळा.
सुवर्णदुर्गावरून तोफा सुटाव्यात
तसं झालं असणार त्या डोक्यात.
त्यांनी आठ खोडला,
बाजूला साठ लिहिले आणि तिच्यापुढे वही धरली.
तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं पाहिली.

पुढं रिवाजच पडला.
बोली तोंडानं लावायची ती जगासाठी,
मुकादमांसाठी छातीवर बोट.
दहाला एक टिचकी, पाचाला ओरखडा.
कोळणी, दालदी, दापोलीचे व्यापारी,
ज्यांनी एरवी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं
तेसुद्धा.
आणि त्या हंगामात, वडील म्हणत,
दाणे एकदाही मुके झाले नाहीत.
दुरुस्ती करतोय
हे कुणाच्या गावीही नव्हतं.

हे बघ, जाळीखाली, डाव्या कडेला
रंग जाऊन पितळ उघडं पडलंय, नखाएवढं.
मी गंज समजलो होतो.
पॉलिश पेपरही हातात घेतला होता.

नाही, चालायचं नाही.
पडदा चिरलाय. ही बॅटरी आता कुणी बनवत नाही,
आणि चाललं असतं तरी
तुला ऐकू येतं, तू काय करणार?
दाणे भरून, मळसूत्र आवळून देतो. पैसे राहू देत.

थांब. एक कागदावर राहिला.
नाही, बोटाला चिकटलाय.
हलू नकोस.