अकरा मिनिटांचं बेट

सतरा मे, संध्याकाळचे साडेसहा, पारा अजून चव्वेचाळीसवर.
मानेवाड्यात आमच्या गच्चीवरची तार तापून झोळ धरलेली.
कूलर बंद केला, त्याची मोटर
सगळ्या बँडवर भुंगा होऊन बसते.
आतून आवाज आला, कूलर काऊन बंद केला वं?
म्हटलं, दहा मिनिटं.

पडद्यावर यादी सरकत होती,
कुणी कुणाला ऐकलं, कुठे, किती वाजता.
फिजी, सायप्रस, पुन्हा फिजी.
जगभरचे कान आपापली चिठ्ठी चिकटवून जातात
आणि जगभरचे हात तिकडे डायल फिरवतात.
मी वीस वर्षं नुसती वाचलीय ती. लिहिलं क्वचित.

चौदा शून्य तेवीसवर, खरखरीच्या तळाशी,
कुणी मोर्समध्ये हाक देत होतं,
नवशिका हात, दर अक्षराला श्वास घेणारा.
व्ही. यू. मग टिंब, टिंब, टिंब,
आणि चौथं?
नेमकं तेव्हाच चौकातल्या आमच्याच खात्याच्या खांबावर
चिनी मातीचं इन्सुलेटर तडतडलं.
ते बदला म्हणून दोनदा अर्ज दिलाय, मीच.
टिंब असेल तर चार, म्हणजे अंदमान.
रेघ असेल तर तीन, म्हणजे आपल्यातलाच कुणीही.
मला अंदमान हवं होतं.
मी टिंब ऐकलं.

यादीत टाकलं. एंटर.
पहिल्या मिनिटाला ओसाका. दुसऱ्याला तिघे इटलीचे.
मग रशिया, आणि मग हाकांचा असा चिखल
की मूळ आवाजच त्यात बुडाला.
बोलोन्याच्या एकाने तर माझ्याखाली दुजोरा दिला,
‘अंदमान, इथे खणखणीत.’
काय ऐकलं त्याने, त्यालाच ठाऊक.
माझंच वाचून ऐकलं असणार.

चौथ्या मिनिटाला तो थांबला. गोंधळला असावा.
मग पुन्हा सावकाश स्वतःचं नाव ठोकलं.
या खेपेला इन्सुलेटर गप्प.
रेघ. लांब, तार ओढावी तशी रेघ.
तीन.
परवान्यांच्या यादीत शोधलं:
दौलत उके, कामठी.
माझ्या गच्चीपासून एकवीस किलोमीटर.

दुरुस्ती टाईप केली
आणि एंटरवर बोट ठेवून बसून राहिले.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
समुद्राचा थेंब नसलेल्या गावाकडे
निम्म्या जगाचे अँटेना वळलेले,
आणि मधोमध एक माणूस एकेकाला वेचून
पाच नऊ नऊ, आभार, पुढचा,
दर खेपेला जरा कमी अडखळत.

अकराव्या मिनिटाला पाठवलं. चूक माझी. चार नव्हे, तीन.
नळ बंद करावा तशा हाका थांबल्या.
त्याने हाक दिली. परत दिली.
मग नुसतं एक प्रश्नचिन्ह.
मी की पुढे ओढली, घामाने बोटं निसटत होती,
तेवढ्यात होक्काइडोचा कुणी बारीक आवाजाचा,
यादी न बघणाऱ्यांतला असावा,
त्याला म्हणाला, ऐकतोय, बोल.

जूनमध्ये क्लबात भेटला.
टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आता टीव्ही कोणी आणत नाही,
परीक्षा चौथ्या खेपेला पास.
वही दाखवली, तेवीस नावं, गोल अक्षरात.
‘त्या दिवशी बँड असा उघडला होता न मॅडम,
सारेच मलेच बोलवून राहिले होते.
मंग एकदम बंद. सूर्य बुडाला असन.’
हो, म्हटलं, बुडाला असेल.

बावीस परक्या वह्यांमध्ये तो अजून अंदमानात राहतो.
तेविसाव्या, होक्काइडोच्या वहीत तेवढा कामठीत.
त्याला सांगायचं राहिलंय.
इन्सुलेटरही अजून तेच आहे.