रजेचं कारण

छापखान्यात माझं काम डोळ्यांचं.
ताव समोर येतो, मी बघते,
शाई फिसकटलेली, रेघ तुटलेली,
आणि खूण करते.
एकोणीस वर्षांत हात कधी अडला नाही.

कौमुदी नऊ वर्षांची.
थंडीत पाणी पिताना
गालावर तळहात दाबून धरते,
ब्रश त्या कोपऱ्यापर्यंत नेतच नाही.
मला वाटलं दुधाची असेल, पडेल.

“ही पडायची नाही,” टिळे मॅडम म्हणाल्या,
जेल रोडच्या दवाखान्यात, खुर्ची मागे कलवून.
“ही कायमची. सहाव्या वर्षी मागून मुकाट्यानं येते,
काहीच न पाडता,
म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो.”
छोट्या आरशात दिसली:
पिवळी, तपकिरी, ओल्या खडूसारखी,
कडेनं भुगा झालेली.
उगवतानाच कच्ची होती म्हणे.
मी विचारलं, पहिल्या वर्षातला तो ताप?
चार रात्री मांडीवर घेऊन बसले होते.
नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या.
चॉकलेटं?
नाही. तुमची चूक नाही.
रिक्षात बिटको चौकापर्यंत
मी ती चूक शोधत राहिले.

त्याआधी त्यांनी एक्स-रे दिव्यावर धरला होता.
हाडाच्या आत
अजून न उगवलेल्या दातांची एक आळीच.
“हिच्या मागची बघा, बाराव्या वर्षी येणारी.
तिला आता कुठे मुळं फुटतायत.
त्या दोन मुळांच्या बेचक्यात
बारीक चंद्रकोर उमटली
की पुढची काढायची.
मग मागची सरकते, जागा धरते,
बहुतेक वेळा सरळ.
घाई केली तर पुढचा दात मागे भरकटतो.
उशीर झाला तर मागची आडवी कलते
आणि फट राहते.
वरचा जबडा सांभाळून घेतो हो,
खालचा हट्टी.”

मी एक्स-रेकडे बघितलं, तावाकडे बघते तसं.
चंद्रकोर दिसली.
मग दिसेना.
मॅडमनाही अर्धीच दिसत होती.
“चार महिने थांबू. तोवर वरून लेप देते,
कळ जरा कमी मारेल.”

रात्री यांचा घास हातातच.
“कायमची, आणि काढायची?
टोपी बसवू की. पैसे मी बघतो.”
टोपी किती वर्षं टिकते,
मग दुसरी, मग तिसरी,
पोरगी चाळिशीची होईपर्यंत
त्या दाढेचं उरेल काय,
मी बोटांवर मोजत होते.
ते म्हणाले, “भात वाढ.”

अंथरुणात कौमुदीनं विचारलं,
“मागच्या दाढेला कोण सांगणार,
जागा झाली म्हणून?”
मी म्हटलं, झोप.
तिनं जिभेनं गाल आतून फुगवला,
बराच वेळ तसाच ठेवला.

मे महिन्यात दुसरा एक्स-रे.
या वेळी मॅडमच्या आधी माझं बोट गेलं काचेवर,
नखाएवढीसुद्धा नाही,
पण होती.
त्या काही बोलल्या नाहीत,
नुसती वही पुढे ओढली,
“गुरुवार जमेल?”

अर्जात लिहिलं: दोन दिवस. कारण: दाढ.
साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.
“तुमची?”
मी मान हलवली.
हो की नाही,
त्यांना कळलं नसावं.
सही केली त्यांनी.
मी जागेवर आले, ताव समोर ओढला,
आणि पहिल्यांदाच
एकाच रेघेकडे किती वेळ बघत बसले.