ओली कड

बाबा गेले तेव्हा शेडमध्ये सात रांजण उभे होते,
कमरेइतके वाढलेले,
प्रत्येकाच्या कडेवर ओलं फडकं.

इमेरेतीतल्या आमच्या गावात रांजण फिरत नाही,
माणूस फिरतो.
मनगटाएवढी मातीची वळी खांद्यावर टाकून
उशांगी, माझा बाप, उलट्या पावलांनी
पोटाभोवती फेऱ्या घालायचा.
दिवसाला चार बोटं वाढ. पाचवं बोट नाही.
ओल्यावर घाईने ओलं चढवलं की बसतं, म्हणायचे,
आणि ते मातीबद्दलच म्हणायचे;
अर्थ आम्ही काढायचो, फुकटचे.

लोक मुलांची उंची चौकटीवर मोजतात.
बाबा रांजणावर मोजत.
नखाने एक रेघ: हा गेनो. ही त्सिसाना.
मग आवा, मग आतून मेण, बाहेरून चुना,
आणि कोणीतरी ट्रक आणून आमची उंची घेऊन जायचं
आणि गळ्यापर्यंत पुरायचं.
माझं आठवं वर्ष काखेतीत कुठेतरी जमिनीखाली आहे.
नववं तडकलं.

त्या हिवाळ्याआधीचा आवा.
गावात वीज नव्हती, औषधाच्या दुकानात फक्त आयोडीन.
आत अकरा रांजण, तोंड विटांनी बंद,
आग सात दिवस एकसारखी हवी.
चौथ्या रात्री आईचा ताप उतरेना.
बाबांनी तिला गोधडीत गुंडाळलं,
शेजारच्या वाख्तांगला उठवलं, त्याच्या ट्रकमध्ये बसवलं
आणि कुटाइसीला नेलं.
जाताना आव्याकडे पाहिलं का, मला आठवत नाही.
मी पाहिलं. विटांच्या फटीतली लाली
हळूहळू तपकिरी झाली.

अकराच्या अकरा. वर्षाची कमाई.
कोणी विचारलं तर सांगायचे, लाकूड ओलं होतं.
तीस वर्षं तेच सांगितलं, आईलासुद्धा.
त्यातला एक अजून परसात आडवा पडलाय;
आम्ही त्यात लपायचो, पुढे त्यात बेदाण्याचे खोके,
मग मांजरीची तीन बाळंतपणं.

मी दातांची डॉक्टर झाले तेव्हा
सगळ्यात जास्त तेच खूश. म्हणाले,
तुझं नि माझं काम एकच, पोरी,
तोंडाशी वाकून आत बघायचं
आणि तडा आपल्यालाच आधी दिसला पाहिजे.
त्यांची कवळी मीच केली.
तीनदा परत पाठवली: कड जुळत नाही.
चौथ्यांदा जीभ फिरवली, बराच वेळ,
मग बोटाच्या पेराने पुढच्या दातावर टकटक केली
आणि कान दिला.

वाइन त्यांना फारशी आवडायची नाही.
चहा. चार चमचे साखर.
हे मेजवानीत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.
सांगून टाकते आता.

चाळिसाव्या दिवशी पाहुणे गेल्यावर
मी शेडमध्ये गेले. वाटलं होतं,
सातही सुकून उलले असतील, बरंच झालं, निकाल लागेल.
फडकं उचललं.
कड ओली. बोट टेकलं तर ठसा उमटला.
मागे आई, एका हातात काठी,
दुसऱ्यात पाण्याचा डबा, अर्धा सांडलेला.
रोज पहाटे येत होती, चाळीस दिवस,
त्या मोडक्या खुब्याने.
म्हणाली, कड सुकली की पुढचं चिकटत नाही.
आणि थोड्या वेळाने,
लाकूड ओलं नव्हतं, मला माहीत आहे.

गेनो पोलंडहून आला होता, सोमवारी परत ट्रकवर.
तो माती तुडवायला उतरला, बूट काढायचं विसरून.
मी वळी केली. एका ठिकाणी जाड, एका ठिकाणी उंदराचं शेपूट.
खांद्यावर घेतली. गार. वाटली होती त्याहून जड.
उलटी चालायला लागले
आणि पहिल्याच फेरीत
आईच्या डब्याला अडखळले.